जिद्दीचा हिशेब

‘जिद्द ठेव, सगळे मिळेल’ हा उपदेश आपल्या मुलांना शाळेत, सभेत, घरी सारखा ऐकावा लागतो. वर्गात उभे राहून मीही तो केला आहे. दाखला अर्थातच बाबासाहेबांचा. म्हणून तो दाखलाच एकदा नीट तपासला पाहिजे.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहान. पुढे मुंबईत, एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये तो फळ्याकडे निघाला, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे उचलायला सवर्ण मुले धावली. हे सोसून तो १९०७ साली मॅट्रिक झाला. ही जिद्दच होती, यात शंका नाही.

पण ती एकट्या पोराची होती काय? परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवत. पुस्तकांसाठी त्यांनी लग्न झालेल्या मुलींचे दागिने गहाण टाकले. कॉलेजात सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची मदत आली. त्या जिद्दीत बापाची झोप होती, बहिणींचे सोने होते.

बाबासाहेब हे विसरले नाहीत. मुलांना जिद्दीवर व्याख्यान देऊन ते थांबले नाहीत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि १९२५ साली सोलापुरात तिचे वसतिगृह उभे राहिले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ सालीच मिस क्लार्क बोर्डिंगला आधार दिला होता. १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली.

वसतिगृहाने भाकरी आणि दिवा दिला, तसेच आणखी एक दिले. चौदा-पंधराव्या वर्षी अपमान थेट काळजात घुसतो. दोष आपलाच, असे पोराला वाटू लागते. शेजारच्या वळकटीवरचा मुलगाही तेच भोगून आला आहे हे कळले, की मनावरचा दगड हलका होतो. मग पुस्तक उघडावेसे वाटते.

आजही एखादे पोर शाळा सोडते, तेव्हा ‘त्याच्यात जिद्दच नव्हती’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हा निवाडा समाजाला निर्दोष सोडतो आणि पोराला गुन्हेगार ठरवतो. जिद्द मागण्यापूर्वी आपण त्याच्यासाठी काय गहाण टाकले, याचा हिशेब आधी आपण द्यायचा आहे.