आकड्याआधीची माणसे

बहिणीचा रिपोर्ट हाती आला तेव्हा मी फक्त पांढऱ्या पेशींचा आकडा पाहिला. नंतर जुन्या नोंदी धुंडाळल्या. 1845 साली एडिंबरोत बेनेट यांनी 28 वर्षांच्या छपरे शाकारणाऱ्या कामगाराची, तर बर्लिनमध्ये फिर्खो यांनी पन्नाशीच्या स्वयंपाकिणीची हकीकत छापली. ल्युकेमियाच्या त्या आरंभीच्या नोंदींत वय, लिंग, धंदा आहे. पेशींची मोजणी नाही. ती रीत फीरोर्ट यांनी 1852 मध्ये दाखवली.

आज हे सारे एकत्र वाचतात. हिमोग्लोबिन साडेबारा असेल, तर स्त्रीला पुरेसे, पुरुषाला कमी. बालकांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात वय 1 ते 10च्या आत आणि मायक्रोलिटरमागे पांढऱ्या पेशी 50,000हून कमी असतील, तर धोका कमी धरतात.

बहिणीच्या रिपोर्टवर वय आणि लिंग पहिल्याच ओळीत होते. मी ती ओळ वाचलीच नव्हती.