पोटऱ्या भरलेली पोरं

१९८० च्या दशकात खानदेशात लुळ्या पायाचं निदान आम्हा बालरोगवाल्यांकडे यायच्या आधीच गल्लीने केलेलं असे: पोलिओ. बहुतेकदा ते खरंही ठरे. दोन दिवस ताप, कुणीतरी कुल्ल्यात टोचलेली सुई, आणि पाठोपाठ एक पाय निकामी. 'सुईने पाय गेला' असं लोक म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. पोलिओचा विषाणू अंगात असताना सुई टोचली, तर त्याच पायाला लकव्याचा धोका वाढतो.

पण त्याच रांगेत निराळी मुलं असत. ताप नाही, दोन्ही पाय सारखेच कमजोर, आणि पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या. आई म्हणे, "डाक्टरसाहेब, मना पोऱ्या घडीघडी पडस." जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत उभा राही. फ्रान्सच्या ड्यूशेनने १८६८ मध्ये या आजाराचं, म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं, सविस्तर वर्णन केलं, उठण्याची ही तऱ्हा लंडनच्या गॉवर्सने १८७९ मध्ये. आम्हाला दोन्ही पाठ होतं. पण स्नायूचा तुकडा तपासायचा तर मुंबईच गाठायची. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून गाडी बदलायची, मग केईएम नाहीतर वाडिया रुग्णालय. पेरणी तोंडावर आली की ती फेरी राहूनच जाई, आणि तोवर पोरगा कडेवर मावेनासा होई.

पल्स पोलिओ १९९५ मध्ये आला. मग पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की कळवायचं, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने बर्फात पाठवायचे, असा दंडक पडला. उत्तर 'पोलिओ नाही' आलं की 'मग काय?' हे विचारणं भाग पडू लागलं. गिया-बारे या लकव्याच्या आजाराची मुलं त्यामुळे सापडली. वर्षानुवर्षं झिजणारा पोऱ्या मात्र त्या फॉर्मात बसतच नव्हता.

आता मुलाऐवजी त्याचं रक्त प्रवास करतं. या आजारामागचं डिस्ट्रोफिनचं जनुक १९८७ पर्यंत हाती लागलं होतं. त्यातला दोष बहुतेकदा रक्तातूनच कळतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार नावानिशी आला, जळगावला २०१८ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं.

तरी एक खोड टिकून आहे. अशा मुलाच्या रक्तात एसजीपीटी वाढलेलं दिसलं की लिव्हरचं औषध सुरू. हे एन्झाइम स्नायूतूनही रक्तात उतरतं, हे कुणाच्या ध्यानी येत नाही. मुलगा दीड वर्षाचा होऊनही चालत नसेल, किंवा मांडीवर हात टेकून उठत असेल, तर आधी सीपीके ही स्नायूंसाठीची रक्ततपासणी करून घ्या.