कोडे घालणाऱ्याचे इमान

लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' ह्या रविवारी निघणाऱ्या पत्रात १९२६ पासून एक शब्दकोडे येऊ लागले. खाली सही असे 'टॉर्केमाडा'. पंधराव्या शतकातील स्पेनच्या इन्क्विझिशनचा जो पहिला मुख्य न्यायाधिकारी, त्याचे हे नाव. गोव्यात पोर्तुगिजांचे असेच न्यायपीठ १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, ठाण मांडून होते. तेव्हा ह्या नावातील विनोद गोमंतकीय वाचकाला फारसा गोड लागणार नाही. इंग्रजांना तो रुचला, कारण येथला छळ मनुष्य स्वखुशीने, चहाचा पेला शेजारी ठेवून, सोशीत होता.

सही करणारे गृहस्थ एडवर्ड पोविस मेदर्स हे कवी व भाषांतरकार होते. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चे त्यांनी केलेले मुक्त इंग्रजी रूपांतर १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा बिल्हण कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारचा विद्यापती, आणि ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. शब्दांचा असा रसिक शब्दकोड्याला साधे ठेवील हे संभवतच नव्हते.

मुळात ते साधेच होते. लिव्हरपूलला जन्मलेले आर्थर विन ह्यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' ह्या पत्रात शंकरपाळ्याच्या आकाराचे कोडे छापले. त्यात अर्थ दिलेला होता, शब्द ओळखायचा होता. १९२४ मध्ये हा खेळ इंग्लंडच्या वृत्तपत्रांत शिरला आणि दोनचार वर्षांतच त्याचा स्वभाव पालटला. सूचक वाक्य दिसायला एक आणि असायला दुसरे झाले. 'फ्लॉवर' म्हणजे फूल हे शाळकरी पोरही सांगेल. पण 'फ्लो' म्हणजे वाहणे. त्यापासून बनलेल्या 'वाहणारी' अशा अर्थाच्या शब्दाची इंग्रजी अक्षरेही हुबेहूब तीच. कोडेकाराच्या मनात नदी असते आणि सोडवणारा बागेत भटकत राहतो.

मराठीत नमुना करायचा तर असा: 'नदी उलटली की माणूस गरीब' (दोन अक्षरे). वाचणाऱ्याला महापूर आठवतो, बुडालेली शेते दिसतात. पण पाण्याचा येथे संबंधच नाही. 'नदी' उलटी वाचली की 'दीन' होते, आणि दीन म्हणजे गरीब. किंवा 'रानात च शिरला की दिलेला शब्द' (तीन अक्षरे): 'वन' ह्याच्या पोटात 'च' घातला की 'वचन'. वाक्यात दोन वाटा असतात, एक अर्थाची, दुसरी अक्षरांच्या जुळणीची. दोन्ही एकाच शब्दापाशी येऊन मिळतात. इंग्रजीत ही चैन अधिक चालते, कारण तेथली सुटी अक्षरे विस्कटून हवी तशी पुन्हा मांडता येतात. आपल्याकडे काना-मात्रा व्यंजनाला बिलगून बसतात.

मेदर्स ह्यांच्या कोड्यांत मात्र ही दुसरी वाट कधी असे, कधी नसे. एखाद्या विस्मृत ग्रंथाचा पुसट संदर्भ एवढेच काही वेळा हाती लागे. विद्वत्तेचा दरारा मोठा. पण उत्तर सुचल्यावरही ते खरोखर बरोबर की काय, हा संशय उरे. येथे त्या नावातील साम्य थट्टेपलीकडे जाते. इन्क्विझिशनपुढे उभ्या केलेल्या माणसाला साक्षीदारांची नावे कळू देत नसत. काय कबूल करायचे ह्याचा तर्क पुष्कळदा त्यानेच लढवायचा. ज्याने उत्तर द्यायचे त्याच्याचपासून माहिती दडवलेली.

शब्दकोड्यातला हा अन्याय दूर केला दोन शाळामास्तरांनी. ॲलिस्टर फर्ग्युसन रिची हे अँग्लिकन धर्मोपदेशक व वेल्स कॅथीड्रल स्कूलचे मुख्याध्यापक. आपल्याच नावाच्या अक्षरांतून त्यांनी 'आफ्रिट' हे अरबी कथांतील पिशाच्चाचे नाव जुळवले. बीबीसीवरील भाषणे छापणाऱ्या 'लिसनर' साप्ताहिकात ते कोडी देत. कोडेकाराने दिशाभूल खुशाल करावी, पण शब्दांच्या काटेकोर अर्थाशी प्रतारणा करू नये, असा दंडक त्यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात घातला. दुसरे डेरिक मॅकनट, ख्राइस्ट्स हॉस्पिटल ह्या शाळेतले ग्रीक-लॅटिनचे शिक्षक. १९३९ मध्ये मेदर्स वारल्यावर 'ऑब्झर्व्हर'ची गादी त्यांच्याकडे आली. त्यांनीही इन्क्विझिटरचेच नाव घेतले: झिमेनेस. ही निवड अधिक मार्मिक म्हणावी लागेल, कारण कार्डिनल झिमेनेस ह्यांनीच हिब्रू, ग्रीक व लॅटिन पाठ एकत्र देणारे बायबल अल्काला येथे सिद्ध करविले होते. मॅकनट ह्यांचे नियमांचे पुस्तक १९६६ मध्ये निघाले. नेमका अर्थ द्यावा, जुळणीची न्याय्य खूण द्यावी आणि याउपर एकही शब्द भरीला घालू नये, हे त्यांच्या शिकवणीचे सार. वरच्या नमुन्यातील 'माणूस' त्यांनी तांबड्या शाईने खोडला असता. अर्थाला तो नको, जुळणीलाही नको. १९७२ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या जोनाथन क्राउदर ह्यांनी डेझा नावाच्या इन्क्विझिटरची इंग्रजी अक्षरे उलटी लिहून 'एझेड' ही सही केली.

एकदा मात्र खरी चौकशी कोडेकाराच्याच वाट्याला आली. मे १९४४ मध्ये 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांत युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी असे शब्द उत्तरांत येत गेले, आणि १ जूनला नेपच्यून. नॉर्मंडीवरील स्वारीची ही गुप्त नावे होती. स्वारी ६ जूनची. कोडेकार लेनर्ड डॉ, हेही मुख्याध्यापकच, गुप्तचरांच्या प्रश्नांना सामोरे गेले व निर्दोष ठरले. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, रिकाम्या चौकटीत शब्द भरण्याचे काम डॉ मुलांना देत आणि ती नावे त्याने सैनिकांच्या तोंडून ऐकली होती.

मॅकनट ह्यांचे कायदे सर्वांनी मानले असे नाही. 'गार्डियन'मध्ये 'ॲरॉकेरिया' ह्या नावाने लिहिणारे जॉन ग्रॅहम, हेही धर्मोपदेशक, ते मोडण्यात आनंद मानीत. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी एका कोड्याच्या माथ्यावर निवेदन दिले: ॲरॉकेरियाला १९ चा १८ झाला असून १३-१५ हा उपचार चालू आहे. चौकटी भरता भरता वाचकांच्या हाती शब्द आले: अन्ननलिका, कर्करोग, वेदना शमविणारी शुश्रूषा. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी ते वारले.