बंगळूरचा चैत्र आणि मराठी स्वयंपाकघर

गाव सोडून परमुलखी स्थायिक होणारा माणूस आपली भाषा, आपले कुलाचार आणि देव्हाऱ्यातले टाक बरोबर नेऊ शकतो. गावची माती मात्र त्याला नेता येत नाही. त्यामुळे स्थलांतरित समाजाच्या जीवनात सर्वांत आधी बदल होतो तो स्वयंपाकघरात. ज्या मुलखात राहायचे, तिथल्या बाजारात जे येते त्यावरच चूल पेटवावी लागते. बंगळूरला वास्तव्य करणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांना याचा प्रत्यय दर उन्हाळ्यात येतो. चैत्र लागला की घरोघर एक संवाद ठरलेला असतो. ‘इथल्या कैरीला आपल्या कैरीची सर नाही,’ असे वडील पिढी म्हणते आणि ‘आम्हांला हीच आवडते,’ असे इथेच जन्मलेली नातवंडे म्हणतात. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या जुन्या वादाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

शहाजीराजांचे बंगळूर

बंगळूरशी मराठी माणसाचा संबंध नोकरीच्या निमित्ताने अलीकडे जडला, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास वसविलेली ही पेठ आदिलशाही सेनापती रणदुल्लाखानाच्या स्वारीत विजापूरकरांकडे आली आणि १६३८ च्या सुमारास ती शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाली. शहाजीराजांनी येथे नांदता दरबार उभा केला. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी प्रसिद्ध केल्यापासून त्या दरबाराची बहुभाषिक श्रीमंती मराठी वाचकांना परिचित आहे. महाराजांचे देहावसानही १६६४ मध्ये कर्नाटकातच, होदिगेरे येथे झाले.

त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे बंगळूरहून तंजावरास गेले आणि १६७५-७६ च्या सुमारास तेथे मराठी राज्य स्थापन झाले. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांच्या हाती पडले आणि त्यांच्याकडून ते तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. राज्य गेले, पण दरबारामागोमाग आलेली माणसे, त्यांतले लेखनिक, शिलेदार, पुरोहित, शिंपी, या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिली. पुढे तंजावरी मराठी घराण्यातील टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. बंगळूरचा आनंदराव चौक त्यांच्याच नावाचा आहे.

ही मंडळी खात काय होती? रोजच्या जेवणाची नोंद सहसा कोणी करीत नाही. परंतु त्या परंपरेने पाकशास्त्राकडे दुर्लक्ष केले नव्हते, हे सांगता येते. समर्थ रामदासांचे स्नेही रघुनाथ गणेश नवहस्त यांनी सतराव्या शतकात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अन्नपदार्थांचे गुणधर्म आयुर्वेदाच्या दृष्टीने सांगितले आहेत. या ग्रंथकारास व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय लाभला होता. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील (१७९८ ते १८३२) राजवाड्यातल्या पाककृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपल्या. तमिळ घरांत आज होणारे ‘पिटलै’ आपल्या पिठल्याची आठवण करून देते. त्यात भाजी, डाळ, चिंच आणि खोबरे असते. बेसन मात्र नसते. नाव मराठी राहिले आणि भांड्यातला पदार्थ त्या मुलखाचा झाला. आपल्या पूर्वसूरींनी परमुलखी चूल कशी मांडली, त्याचा हा बोलका दाखला आहे.

बागांचे शहर

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळा येथे असतो, परंतु विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या उन्हासारखा तो माणसाला भाजून काढीत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरीही येऊन जातात. या हवेचा गुण ओळखून हैदरअलीने १७६० मध्ये लालबागेची आखणी सुरू केली आणि टिपूने ती वाढविली. १८०० साली या भागातून प्रवास केलेल्या फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश गृहस्थाने टिपूच्या बागांचे वर्णन केले आहे. चौकोनी वाफे, त्यांमधून सुरूच्या जातीच्या झाडांनी शोभणाऱ्या वाटा आणि वाफ्यांत फळझाडे व भाजीपाला, अशी ती रचना होती. आज आपण जिला शोभेची बाग समजतो, ती मुळात फळा-भाज्यांचीही बाग होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८०९ मध्ये इंग्रजांची छावणी बसल्यावर विलायती भाज्यांना गिऱ्हाईक निर्माण झाले आणि १८५६ मध्ये लालबाग सरकारी वनस्पती-उद्यान झाली. जॉन कॅमेरॉन यांच्या कारकिर्दीत (१८७४ ते १९०८) अनेक परदेशी भाज्या व फळे येथे लावून पाहण्यात आली आणि आसपासच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. आपण ज्याला चौचौ म्हणतो, ते फळ त्यांपैकीच. कानडीत त्याला ‘सीमेबदनेकाई’, म्हणजे परदेशी वांगे, म्हणतात. आणि मद्रासकडे त्याचे नाव ‘बंगळूर वांगे’ असे पडले. जे बंगळूरकरांना परके, ते शेजाऱ्यांना बंगळूरचे! आज कित्येक मराठी घरांत दुधीभोपळ्याऐवजी याचीच हरभऱ्याची डाळ घालून भाजी होते.

कॅमेरॉन यांच्यानंतर आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल हे तर आपल्या सयाजीराव महाराजांच्या बडोद्याहून येथे आले. त्यांची परंपरा पुढे चालविणारे डॉ. मरिगौडा यांच्या पुढाकाराने १९५९ मध्ये द्राक्षबागाइतदारांची सहकारी संस्था स्थापन झाली. तीच पुढे ‘हॉपकॉम्स’ या नावाने घरोघरी परिचित झाली. बागाइतदाराचा माल वजनावर, ठरल्या भावाने, मध्यस्थाविना गिऱ्हाइकास मिळावा, हा तिचा हेतू. सहकाराचे बाळकडू प्यालेल्या महाराष्ट्रीय माणसाला ही व्यवस्था चटकन आपली वाटली, यात नवल नाही. ज्या ‘बंगळूर ब्लू’ द्राक्षामुळे हा भाग ओळखला जातो, त्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रंगाने काळसर निळे, सालीला जाड, बियांचे, उग्र सुवासाचे हे द्राक्ष नाशिकच्या द्राक्षाहून अगदी वेगळे. पण उन्हाळ्यात त्याचे सरबत एकदा घेतलेला माणूस त्याची चव विसरत नाही.

एकाच महिन्यातले तीन उत्सव

चैत्र शुद्ध तृतीयेला आपल्याकडे चैत्रगौर झोपाळ्यावर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिन्यात सोयीच्या दिवशी हळदीकुंकू होते आणि सुवासिनींना आंब्याची डाळ, पन्हे, भिजविलेले हरभरे आणि काकडी किंवा कलिंगड दिले जाते. त्याच महिन्यातल्या रामनवमीला बंगळूरच्या रस्तोरस्ती मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पानक, कोसंबरी आणि ‘नीरमज्जिगे’, म्हणजे पातळ ताक, वाटले जाते. चामराजपेठेत रामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव १९३९ पासून चालत आला आहे आणि तेथील श्रोत्यांत मराठी कुटुंबे कधीच कमी नसतात.

हे दोन प्रसाद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पन्हे आणि पानक या दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत ‘पानक’ हेच आहे. आपले पन्हे उकडलेल्या कैरीच्या गराचे, तर इथले पानक गुळाच्या पाण्यात लिंबू, सुंठ, वेलदोडा व मिरी घालून केलेले. कोठे कोठे खरबुजाचेही करतात. कोशिंबीर आणि कोसंबरी यांचे नाते तर कानालाच कळते. आंब्याच्या डाळीत हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटतात व कैरी किसून घालतात. कोसंबरीत मुगाची डाळ भिजवून तशीच ठेवतात आणि तीत काकडी, ओले खोबरे, कोथिंबीर आणि लिंबू किंवा कैरी घालतात. दोन्हींवर हिंग-मोहरीची फोडणी. दोन्हींत डाळ शिजवायची नसते. उन्हाच्या दिवसांत चुलीपाशी बसावे लागू नये आणि पोटाला गारवा मिळावा, ही सोय दोन्ही समाजांनी आपापल्या परीने साधली. आपली आंबील आणि इथली ‘अंबली’ यांचीही अशीच गोष्ट. नाचणी इथे ‘रागी’ होते, परंतु ताकात कालवून उन्हात प्यायची ती तीच.

येथील कैरीविषयीची तक्रारही तपासून पाहण्यासारखी आहे. बंगळूरच्या बाजारात सर्वत्र मिळणारी कैरी बहुधा तोतापुरी असते. तिला ‘बंगलोरा’ असेही नाव आहे. ती करकरीत, गराला भरपूर, परंतु आंबटपणाला बेताची. रायवळ कैरीच्या प्रमाणाने डाळ केली तर ती मिळमिळीत होणारच. एक वाटी डाळीला अर्धी वाटी कीस घेण्याची सवय असेल, तर येथे पाऊण वाटी घ्यावा आणि लिंबू पिळावे. साखर मात्र हात आखडून घालावी. पन्ह्यालाही गूळ कमी लागतो. ज्यांना तेवढ्याने समाधान नाही, त्यांनी मंडईत ‘नाटी’, म्हणजे गावठी, कैरी मागावी. लोणच्यासाठी तर मलनाडातून येणारी ‘अप्पेमिडी’ ही सुवासिक बाळकैरी आहे. तिची बरोबरी करणारी कैरी आपल्याकडेही शोधावी लागेल.

तिसरा उत्सव बंगळूरचा खास आपला. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मराय देवळातून करग निघतो. द्रौपदीच्या शक्तीचे प्रतीक असलेला फुलांचा उंच कळस मस्तकी घेऊन स्त्रीवेषातला पुजारी रात्रभर जुन्या पेठेतून फिरतो. हा उत्सव ज्या तिगळ समाजाचा, तो परंपरेने माळी. शहराच्या तळ्यांकाठच्या मळ्यांत भाजी पिकवून बंगळूरला खाऊ घालणारी ही माणसे. आपण चैत्रगौरीपुढे जी काकडी मांडतो, तिच्यामागे अनेक पिढ्या यांचाच घाम होता.

हापूसचे नातलग

आता आंब्याविषयी. देवगड-रत्नागिरीची पेटी हा आपल्या सर्वांचा हळवा विषय आहे आणि तो तसाच राहो. परंतु कोकणचा हंगाम मार्च ते मे असा, तर दक्षिण कर्नाटकाचा बहर त्यामागून येऊन जुलैपर्यंत टिकतो. कोलार जिल्ह्यातले श्रीनिवासपूर हे त्याचे माहेरघर. इथल्या बाजारात ‘बदामी’ म्हणून जो आंबा मिळतो, तो हापूसच. माती आणि हवा बदलल्याने रूप-गुणांत फरक पडलेला. रसपुरी हा नावाप्रमाणे रसाचा आंबा. आमरस-पुरीसाठी बदामीचा गर व रसपुरीचा रस एकत्र करण्याची युक्ती कित्येक गृहिणींनी शोधली आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या आणि हेसरघट्टा येथे असलेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तर हापूसशी संकर करून नव्या जाती निर्माण केल्या. हापूस आणि बंगनपल्ली यांच्या संकरातून ‘अर्का पुनीत’ आणि ‘अर्का अरुणा’ झाल्या. त्यांच्या नावातले ‘अर्का’ हे अर्कावती नदीचे. कोकणच्या फळाने कानडी नदीचे नाव लावले! आपल्या नातवंडांची गोष्टही याहून फारशी वेगळी नाही.

पाण्याचा प्रश्न

येथवरचा इतिहास समाधानाचा आहे. पुढचा तसा नाही. ज्या तळ्यांवर ते मळे पोसले, त्यांतले धर्मांबुधी तळे आज मॅजेस्टिकच्या बसस्थानकाखाली आहे आणि संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. पेठेभोवतालचे मळे वसाहतींखाली गेले. त्या वसाहतींत आपलीही घरे आहेत, हे विसरून चालणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि शहराच्या अनेक भागांत लोकांना टँकरची वाट पाहावी लागली. ज्या महिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला पानक पाजण्याची या शहराची रीत, त्याच महिन्यात घरच्या माठाची चिंता करण्याची वेळ आली. तळे बुजते तेव्हा आधी काठची भाजी जाते, मग ती पिकविणारा जातो आणि शेवटी आपल्या घरची चव जाते. दुरून आलेली, शीतगृहात राहिलेली भाजी आपण निमूट घेतो आणि बाटलीतले पन्हे मुलांपुढे ठेवतो. मग त्यांना चैत्र कळावा तरी कसा?

या बाबतीत एखाद्या मंडळाच्या हाती फार काही नाही. पण अगदीच काही नाही असेही नाही. मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला लागणारी काकडी, कैरी, फणस आणि रागी शहराच्या आसपासच्या बागाइतदारांकडून घेता येईल. दोड्डबळ्ळापूर तालुक्यातील तूबगेरेचा फणस आणि लालबागेत भरणारा आंबामेळा मुलांना दाखविता येईल. आंब्याच्या डाळीशेजारी कोसंबरीचा द्रोण ठेवून कानडी शेजारणींना अगत्याने बोलाविता येईल. आणि जी वडीलधारी मंडळी तोतापुरीच्या प्रमाणाचे गणित हातांनी जाणतात, त्यांच्याकडून ते लिहून घेता येईल. कारण ते कोणत्याही छापील पाकपुस्तकात सापडावयाचे नाही.

‘इथल्या कैरीला आपल्या कैरीची सर नाही,’ या वाक्यातील ‘आपली’ या शब्दाचा अर्थ साडेतीनशेहून अधिक वर्षांत पुष्कळदा बदलला आहे. शहाजीराजांबरोबर आलेल्यांना तो बदलावा लागला, तंजावरास गेलेल्यांनाही बदलावा लागला आणि त्यांतले कोणीही त्यामुळे मराठीपणास मुकले नाही. ज्या मातीतले अन्न आपण खातो, तिचे काही देणे लागतो, एवढी जाणीव येत्या चैत्रात प्रत्येक घरी जागी राहो, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी गौरीचरणी प्रार्थना.