लसीका-शोफाचे निदान : दृष्टीपासून मापनापर्यंत

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर काही स्त्रियांच्या त्या बाजूच्या हातास सूज येते. काखेतील लसीका-ग्रंथी काढून टाकल्यामुळे, किंवा किरणोपचाराने त्या भागात तंतुमयता आल्यामुळे, हाताकडून परतणाऱ्या लसीकेचा मार्ग खुंटतो आणि प्रथिनयुक्त द्रव त्वचेखाली साचू लागतो. या विकारास लसीका-शोफ अथवा लिम्फिडीमा म्हणतात. प्रारंभी हात उंच ठेवल्याने सूज उतरते. पुढे मात्र द्रवाच्या जोडीला मेद व तंतुमय ऊतक वाढते आणि हात पूर्ववत होणे दुरापास्त ठरते. विकार केव्हा ओळखला गेला यावर रुग्णाचे पुढील आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून निदानपद्धतींचा इतिहास हा केवळ उपकरणांचा इतिहास नव्हे. सूज कशास म्हणावे आणि ती कोणत्या हाताशी ताडून पाहावी, या प्रश्नाचाही तो इतिहास होय.

बाल्टिमोर येथील शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्ताने सर्वत्र रूढ केली. तिच्या पश्चात उद्भवणाऱ्या सुजेविषयी त्यांनी १९२१ साली लेख लिहिला आणि तीस 'शल्यजन्य हत्तीरोग' असे नाव दिले. जंतुसंसर्ग हे तिचे महत्त्वाचे कारण आहे, असे त्यांचे मत होते. हे नामकरण बोलके आहे. हत्तीरोगाची उपमा सुचावी इतका हात वाढल्यावरच विकार डोळ्यांस दिसत असे. म्हणजे रोगाला नाव मिळाले ते त्याच्या अंतिम अवस्थेवरून. १९४८ साली स्ट्यूअर्ट व ट्रीव्ह्‌स यांनी दीर्घकाळ सुजलेल्या हातात उद्भवलेल्या दुर्धर अर्बुदाची सहा उदाहरणे नोंदविली. तेव्हापासून ही सूज केवळ विरूपता आहे असे मानणे अशक्य झाले.

दृष्टीच्या जागी मापन आणण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे मोजपट्टी. हातावरील ठराविक बिंदूंपाशी घेर मोजावयाचा, दोन्ही हातांची तुलना करावयाची आणि २ सें.मी. अंतर आढळल्यास शोफ मानावयाचा, असा एक संकेत रुजला. याच घेरांवरून हात छिन्नशंकूंचा बनलेला आहे असे धरून त्याचे घनफळ काढता येते. दुसरा मार्ग आर्किमिडीजच्या तत्त्वाचा : हात पाण्याने भरलेल्या पात्रात बुडवून बाहेर पडणारे पाणी मोजणे. येथे २०० मि.लि. अथवा १० टक्के फरक ही मर्यादा मानण्यात आली. परंतु पट्टी किती ताणावी, बिंदू कोठे धरावेत, याविषयी मोजणाऱ्यागणिक भेद पडतो. शिवाय ज्या हाताने माणूस काम करतो तो स्वभावतःच किंचित मोठा असतो. लंडन येथील किसिन व त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली २०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्ण व परीक्षक यांच्या प्रत्ययानुसार १४ टक्के हात सुजलेले ठरले, २०० मि.लि. ही कसोटी लावली असता २५.५ टक्के. नजरेतून सुटणाऱ्या विकाराचे प्रमाण या अंतरावरून स्पष्ट होते.

आकार मोजण्याऐवजी मार्गच पाहावा, ही दृष्टी दुसऱ्या परंपरेची. लंडनचे जॉन किनमंथ यांनी १९५२ साली निळ्या रंगद्रव्याने लसीकावाहिनी शोधून तीत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य सोडण्याची पद्धत वर्णिली. पुढील वर्षी शर्मन व टेर-पोगोसियन यांनी ऊतकांत टोचलेले किरणोत्सर्गी सुवर्ण ग्रंथींत कसे साठते हे दाखविले. समस्थानिकांच्या साहाय्याने लसीकेचे चित्रण करण्याची पद्धत या दिशेने वाढली. एकविसाव्या शतकात इंडोसायनीन ग्रीन या प्रतिदीप्त रंगद्रव्यामुळे वाहिन्यांतील प्रवाह प्रत्यक्ष पाहता येऊ लागला. अडथळा कोठे आहे हे या पद्धती सांगतात. परंतु टोचणी व विशेष यंत्रे आवश्यक असल्याने प्रत्येक स्त्रीची वारंवार तपासणी त्यांद्वारे करणे सोयीचे नाही.

तिसरी दिशा विद्युत्-रोधाची. क्षीण व कमी वारंवारतेचा प्रवाह पेशींच्या आत न शिरता मुख्यतः त्यांच्याबाहेरील द्रवातून वाहतो. हा द्रव वाढला की रोध घटतो. ऑस्ट्रेलियातील वॉर्ड व सहकाऱ्यांनी १९९२ साली या तत्त्वाचा उपयोग शस्त्रक्रियोत्तर रुग्णांसाठी दाखविला. २००१ साली कॉर्निश प्रभृतींनी, रूढ निदानाच्या १० महिने आधीपर्यंत शोफाची चाहूल या मापनाने लागू शकते, असा निष्कर्ष मांडला. मात्र जुनाट हातात द्रव कमी होऊन मेद व तंतू वाढलेले असतात. तेथे या पद्धतीची मातब्बरी उणावते.

साधने वाढली, तरी मूळ प्रश्न सुटला नाही. अमेरिकेतील आर्मर व स्ट्यूअर्ट यांनी एकाच रुग्णसमूहास चार कसोट्या लावल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पाच वर्षांअखेर शोफाचे प्रमाण कसोटीनुसार ४३ ते ९४ टक्के भरले, २ सें.मी.ची कसोटी सर्वाधिक रुग्ण दाखवीत होती. अर्थात कसोटी बदलली की रुग्णसंख्याच बदलते. आर्मर यांच्याच २००३ सालच्या अभ्यासात, वर्षभरात हात जड वाटला काय आणि आता सुजलेला वाटतो काय, या दोन प्रश्नांची उत्तरे विशेष सूचक ठरली होती. रुग्णाचा शब्द हाही एक पुरावा आहे, हे मोजमापाच्या आग्रहात विसरले गेले होते.

या गुंत्यातून वाट निघाली ती नव्या यंत्रापेक्षा नव्या तुलनेने. २००८ साली स्टाउट व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांची नोंद घेतली. सरासरी ८३ मि.लि. वाढ होताच दाबबाही वापरावयास दिली असता, सुमारे महिन्याभरात सूज लक्षणीय उतरली. जुन्या २०० मि.लि.च्या कसोटीने या स्त्रियांपैकी अनेकींना निरोगीच ठरविले असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व ऑस्ट्रेलियातील तुलनात्मक चाचणीतही पूर्वनोंद हाच पाया होता. उपचारानंतरही विकार बळावण्याचे प्रमाण विद्युत्-रोधाने तपासलेल्या गटात ७.९ टक्के, तर मोजपट्टीच्या गटात १९.२ टक्के आढळले.

हॅल्स्टेडच्या काळी सुजलेला हात हेच निदान होते. आज सूज दिसण्यापूर्वीची अवस्थाही निदानाच्या कक्षेत आली आहे. तथापि उत्तमातले उत्तम यंत्रही, हात पूर्वी कसा होता हे मागाहून सांगू शकत नाही. ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोणीतरी लिहून ठेवावे लागते. आणि त्यासाठी साधी मोजपट्टीही पुरेशी आहे.