वाटीचे माप आणि वजनाचा काटा

लग्नसराई आणि दिवाळीचा फराळ यांच्यावर वाढत्या वजनाचे खापर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रत्यक्षात वर्षातले असे दिवस मोजकेच. उरलेल्या दिवसांत घरच्या ताटात काय आणि किती पडते, भाजीवर तेलाचा तवंग किती असतो, चहाचे कप किती होतात, यावर वजनाचा काटा अधिक अवलंबून असतो. ‘आम्ही साधेच जेवतो’ असे बहुतेक घरांत सांगितले जाते आणि ते खोटेही नसते. मात्र साधे जेवण बेताचे असेलच, असे नाही.

सुमारे ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून साधारण १०० उष्मांक मिळतात. ३० ग्रॅम तांदळाचा भात केला तरी हिशेब जवळपास तोच. गरजेपेक्षा एक पोळी रोज जास्त खाल्ली तर काय होईल? एक किलो चरबी म्हणजे ७,७०० उष्मांक, या जुन्या त्रैराशिकाने वर्षाकाठी पावणेपाच किलो वजन वाढायला हवे आणि दहा वर्षांत माणूस ओळखू येऊ नये. तसे होत नाही, कारण शरीर जड होते तशी त्याची ऊर्जेची गरजही वाढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडलेल्या गणितानुसार, रोजच्या १०० जादा उष्मांकांनी वजन चार-साडेचार किलोंनी वाढून स्थिरावते. त्यातील निम्मी वाढ पहिल्या वर्षात, तर जवळजवळ सर्व वाढ तीन वर्षांत होते. वजन उतरतानाही हीच संथ गती असते. महिनाभर एक पोळी कमी करून काटा हलला नाही म्हणून प्रयत्न सोडून देणारे नेमके येथेच फसतात.

भूक भागली की माणूस आपोआप थांबतो, हा समजही पुरता खरा नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या बार्बरा रोल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच व्यक्तींना वेगवेगळ्या दिवशी ५०० ग्रॅमपासून १,००० ग्रॅमपर्यंत मॅकरोनी वाढण्यात आली. सर्वांत मोठ्या वाढपाच्या दिवशी त्यांनी सर्वांत लहान वाढपापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक ऊर्जा पोटात घातली. विशेष म्हणजे वाढप बदलल्याचे निम्म्यांहून अधिक जणांच्या ध्यानातही आले नाही. आपल्याकडे तर पानात टाकायचे नाही हा संस्कार, आणि त्यावर ‘एवढी अर्धी घ्याच’ हा आग्रह. अन्नाचा मान राखणे योग्यच. पण मग जपायला हवे ते वाढतानाच. ताट लहान घेतले की आहार आपोआप घटतो, हा सल्ला मात्र जपून घ्यावा. त्याचे मोठे प्रचारक, कॉर्नेल विद्यापीठातील ब्रायन वान्सिंक, यांचे अनेक शोधनिबंध २०१७ आणि २०१८ मध्ये सदोष ठरून मागे घेण्यात आले.

किती खावे याइतकाच, कशाच्या जागी काय खावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २,००० उष्मांकांचे जे आदर्श ताट सुचविले आहे, त्यात धान्ये २५० ग्रॅम, तर भाज्या ४०० ग्रॅम आहेत. डाळींचे प्रमाण ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम. प्रत्यक्षात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. मराठी ताटाची जुनी मांडणी पाहिली तर डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भाताची मूद. मांडणी उत्तम आहे, पण कोशिंबीर चमचाभर, वरण पातळ आणि पोळ्या चार, असे झाले की ताट नावापुरतेच चौरस उरते.

तेलाचा हिशेब घरबसल्या करता येतो. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते. वर दिलेल्या मापापेक्षा हे ११ ग्रॅम जास्त, म्हणजे प्रत्येकाच्या पानात रोज न दिसणारी एक पोळी. बाहेरचे वडे, फरसाण वेगळेच. चहाचेही तसेच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रोजची साखर २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी.

उपवासाने वजन उतरेल, ही आशाही बहुधा फोल ठरते. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम दाण्याचा कूट आणि दोन चमचे तूप एवढ्या खिचडीतच चार पोळ्यांचे उष्मांक असतात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण अनुभवातूनच आली असावी.

वेळ आणि वेग यांचाही वाटा आहे. हॉल यांच्याच २०१९ मधील प्रयोगात २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार होणारे अतिप्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ आणि दोन आठवडे साधे अन्न मनसोक्त देण्यात आले. पहिल्या प्रकारात ते रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होते, तेही अधिक झपाट्याने. रात्री साडेनऊला घरी पोहोचून दहाला जेवणाऱ्या मुंबईकराचा नाइलाज असतो, पण संध्याकाळी फलाटावर वडापाव आणि रात्री पुन्हा पूर्ण जेवण, या दोन्हींची गरज नसते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेल्या दोन वेळांच्या जेवणाच्या पद्धतीवर महाराष्ट्रात बरीच वादावादी झाली. तिचा मोठा फायदा बहुधा मधल्या वेळचे खाणे आणि गोड चहा बंद होण्यात असावा.

एवढा हिशेब कशासाठी, असे सडपातळ माणसाला वाटेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये झळकले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोटात चरबी, अशी ठेवण भारतीयांत सर्रास आढळते आणि मधुमेहाचा धोका त्यामुळे लवकर सुरू होतो. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ निर्देशांकाला धरली जाते, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २५ ही मर्यादा धरूनही देशातील जवळपास प्रत्येक चौथी स्त्री आणि चौथा पुरुष जादा वजनाचा आढळला.

आहार न बदलता वजन अचानक वाढले वा घटले, तर थायरॉइडची तपासणी आणि चालू औषधांची चौकशी आधी करावी. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि इन्शुलिन घेणारे मधुमेही यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटातले काहीही कमी करू नये.