कापसाच्या वाटेनं उलटा आलेला बर्फ

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वेस्थानकाच्या तळघरात 1913 साली एक ऑयस्टर बार सुरू झाला. बर्फाच्या चुऱ्यावर मांडलेली कच्ची कालवं, वरून लिंबू पिळायचं आणि शिंपला थेट तोंडाला लावायचा. बडनेऱ्याच्या फलाटावर असं काही मागितलं तर फार तर आलूबोंडा पुढे येईल. रेल्वे दोन्हीकडे आहे. पण ती कशासाठी टाकली, यावर पुढचं ताट ठरलं.

वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसासाठी. 1853 मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचे रूळ अकोला, बडनेरा करत नागपूरला भिडले. 1870 मध्ये खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं सुरू केला. पुढच्या वर्षी अमरावतीचा. गाठी भरभरून मुंबईला निघाल्या. तिथे कुलाब्याला कापसाचा बाजार होता, आणि त्याच व्यापाराच्या सोयीसाठी 1875 मध्ये ससून डॉक उभा राहिला.

आज तिथे कापसाचं बोंड औषधालाही सापडत नाही. पहाटे लिलाव चालतो तो मासळीचा, आणि पायाखाली बर्फाचा चिखल असतो.

बर्फाची कहाणी याहून जुनी. 1834 च्या सुमारास मुंबईत पहिल्यांदा बर्फ उतरला तो अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापून, भुशात गुंडाळून, जहाजानं. सर जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानीत त्याचं आइस्क्रीम झालं. पाहुण्यांना सर्दी झाली, आणि मुंबई समाचारनं त्यावरून टोमणाही मारला म्हणतात. बंदराजवळ बर्फघर बांधलं गेलं. पुढे यंत्रावर बर्फ होऊ लागला तशी ती जहाजं थांबली आणि बर्फाची लादी गोणपाटात शिरली. मासळी घाटापलीकडे ताजी पोचायची तर ही लादी हवीच होती. मुंबई ते अकोला म्हणजे रेल्वेनं पावणेसहाशे किलोमीटरांच्या घरात, आणि उतरल्यावर स्वागताला मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा!

त्याआधी वऱ्हाडाला समुद्र माहीत होता तो वाळलेला. आठवडी बाजारात पोत्यावर पसरलेले बोंबील, सुकट, सुके झिंगे. ताजं म्हणजे पूर्णा-वर्धेतली, भोयांच्या जाळ्यातली मरळ नाहीतर वाम. गंमत अशी, की खारं पाणी इथे कमी नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात 894 गावं मोडतात. पूर्वी इथल्या विहिरींच्या पाण्यातून मीठसुद्धा काढत. मीठ निघालं, शिंपला मात्र नाही.

आता थर्माकोलच्या पेट्यांतून सुरमई, पापलेट, झिंगे येतात. आंध्रातल्या तळ्यांवरचे रोहू-कटलाही बर्फातच येतात. पण बर्फ पेटीपुरता. ताटात येईस्तोवर झिंग्यावर तिखट, लसूण आणि तेलाचा तवंग चढलेला असतो, शेजारी ज्वारीची भाकरी. कच्च्या कालवाचं नाव काढलं तर वाढपी मालकाकडे बघेल.

त्यात वऱ्हाडानं लाजायचं कारण नाही. कोकणात ओहोटीला खडकावरची कालवं कोयतीनं फोडून काढणाऱ्या बायकाही ती घरी नेऊन कांदा-खोबऱ्यात शिजवतात. तिसऱ्यांची एकशिपी होते, तीही चुलीवर. कालव हे पाणी गाळून पोट भरणारं जनावर. पाण्यातलं बरंवाईट त्याच्या पोटात साठतं. न्यूयॉर्कला थंडगार समुद्र आणि बर्फाचा सुकाळ होता, म्हणून तिकडे ते कच्चं खपलं. किनाऱ्यावरच जे कच्चं खात नाहीत, ते रेल्वेनं तरी कच्चं कसं पोचणार?

पेटी रिकामी झाली की उरलेला बर्फ दुकानदार रस्त्याच्या कडेला ओततो. उन्हाळ्यात तो डांबरावर फार वेळ दिसत नाही. एखादं कुत्रं तेवढं येऊन ओली जागा चाटून जातं.